निघावं, पण सुटू नये

सिलिकोन लावलेल्या कागदाला काहीच चिकटत नाही, असं माझ्या ओळखीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटतं. तसं असतं तर मला नोकरीच मिळाली नसती. काहीच चिकटलं नसतं, तर टिकल्या दुकानात पोचेपर्यंत पाकिटाच्या तळाशी गोळा झाल्या असत्या आणि औषधाच्या कारखान्यातली लेबलं यंत्रात शिरायच्या आधीच गळून पडली असती. चिकटायला तर हवंच. किती चिकटायचं, ते ठरवणं हे माझं काम.

मी मूळची कामठ्याची. गोंदिया तालुक्यातलं, बिरसीच्या विमानतळाजवळचं गाव. गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात बीएस्सी केलं, नागपुरात एमएस्सी, आणि आता रिलीज पेपर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. रिलीज पेपर म्हणजे स्टिकर सोलल्यावर हातात उरतो तो मागचा गुळगुळीत कागद. दुकानदार त्याला बरेचदा बटर पेपरच म्हणतात. गावी गेले की कोणीतरी हमखास विचारतं, ‘तुमच्या कंपनीत काय बनते वं?’ मी म्हणते, कागद. ‘कशाले लागते तो?’ फेकायला, असं सांगितलं की समोरचा हसतो. पण उत्तर खरंच तेवढं आहे. आमचा माल विकत घेणाऱ्याला आमचा माल नको असतो, त्याच्यावर चिकटलेली वस्तू हवी असते.

माझ्या मावशीचं कामठ्यात कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, रिबिनी, पिना, टिकल्यांची पाकिटं. माल नागपूरच्या इतवारीतून येतो. या विषयातलं सगळं पांडित्य तिच्या दोन तक्रारींत मावतं. एका उन्हाळ्यातल्या मालाबद्दल ती म्हणाली होती, ‘टिकली निघूनच नाही राहिली वं. निघाली तं मखमल हाती येते न् गोंद कारडालेच राहते.’ आणि दुसऱ्या एका मालाबद्दल: ‘पाकीट उघडलं का साऱ्या टिकल्या खाली.’ पहिल्या कार्डाची पकड फार, दुसऱ्याची फार कमी. टिकली तीच, गोंदही बहुधा तोच. फरक होता कार्डावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सिलिकोनच्या थरात.

आमचा मुलूख तसा चिकट वस्तूंचाच. धावड्याचा डिंक, पळसा-कुसुमावरची लाख. गोंदियात लाखेचा धंदा जुना आहे. पोस्टाच्या रजिस्टर पार्सलवर लाखेचं सील असायचं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना तिचा स्वभाव माहीत आहे: तापवली की पातळ, निवली की दगड. बिडीच्या कट्ट्यावर लेबल लावायचं तर खळ लागायची, तीही ओली असेपर्यंतच कामाची. डिंकाला पाणी हवं, लाखेला आग. या जुन्या चिकट पदार्थांना कामाला लावल्याशिवाय ते चिकटत नाहीत, म्हणून त्यांना झाकून ठेवायची गरजही नसते. स्टिकरचा गोंद निराळा. त्याला ना पाणी लागतं ना आग; बोटानं दाबलं की पुरे. पण त्याचमुळे तो कायम चिकट असतो, झोपेतसुद्धा. त्याला कारखान्यातून तुमच्या हातापर्यंत आणायचं तर मध्ये असं काहीतरी हवं की ज्याला तो धरून राहील, पण ज्याच्यात अडकणार नाही.

अमेरिकेत स्टॅन्टन एव्हरी या माणसानं 1935 मध्ये लॉस एंजेलिसला असली स्वतःहून चिकटणारी लेबलं बनवून विकायला सुरुवात केली. त्याच्या नावाची कंपनी आज पुण्याजवळ रांजणगावला लेबलांचा कागद बनवते. मात्र मागच्या कागदाला सिलिकोन लावायची पद्धत रुळली ती 1950 च्या दशकात, कारण त्याआधी सिलिकोन बाजारात जवळपास नव्हतंच. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञानं या पदार्थांवर आयुष्य घालवलं, आणि 1937 मध्ये छापलेल्या एका व्याख्यानात या क्षेत्रात लवकर काही महत्त्वाची प्रगती होईल असं दिसत नाही अशा अर्थाचं मत दिलं. तीनच वर्षांनी, 1940 मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोशो यांनी वाळूपासून मिळणाऱ्या सिलिकॉन या धातुसदृश मूलद्रव्यावर तांब्याच्या मदतीनं मिथाइल क्लोराइडची क्रिया करून सिलिकोनचा कच्चा माल स्वस्तात काढायची वाट शोधली. किपिंग 1949 मध्ये गेले. आपला अंदाज चुकल्याचं त्यांना पाहायला मिळालं, असं समजायला हरकत नाही.

आता त्या थराकडे येऊ. सिलिकोनचा रेणू म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीनं जोडलेली लांबच लांब साखळी, आणि प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथाइल गट. ही साखळी कमालीची लवचीक असते. उणे 120 अंशांच्याही खाली जाईपर्यंत ती काचेसारखी ताठ होत नाही. पृष्ठभागावर नुसते मिथाइल गट आलेले असल्यामुळे तिला कोणाशी फारसं देणंघेणं नसतं. पाण्याचा पृष्ठताण 72 एककं, तर हिचा वीस-बावीस.

इथवर पाठ्यपुस्तकात असतं. पण मग टेफ्लॉनचं काय? त्याचा आकडा सिलिकोनपेक्षाही कमी, अठरा-एकोणीस. या हिशेबानं टेफ्लॉनवरून टेप जास्त सहज निघायला हवी. निघते उलट सिलिकोनवरून. या कोड्यावर मला आवडणारं काम अमेरिकेतल्या लेहाय विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनोज चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. 1995 मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. त्यांनी गोंदात चमकणारे बारीक कण घातले आणि टेप सोलताना ते कण कुठे जातात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सिलिकोनवर गोंद सुटायच्या आधी सरकत होता. म्हणजे नुसतं ‘सिलिकोनला गोंद आवडत नाही’ एवढ्यावर भागत नाही. त्या लवचीक साखळ्या गोंदाला पाय रोवू देत नाहीत. तो सरकतो, त्यामुळे त्याला ताणून धरायची ताकदच उभी राहत नाही, आणि टेप अलगद निघते.

हे कळलं की पुढचं सरळ आहे. सरकणं थोडं अडवलं, की पकड वाढेल.

अडवण्यासाठी जे घालतात, त्याला आमच्या धंद्यात रिलीज (म्हणजे सोलायला लागणारं बळ) वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह किंवा नुसतं ‘रेझिन’ म्हणतात. पूर्ण नाव एमक्यू रेझिन. तेही सिलिकोनच, पण साखळी नव्हे, गाठ. यातला क्यू म्हणजे चारही बाजूंना ऑक्सिजननं बांधलेला सिलिकॉन, जसा वाळूत किंवा काचेत असतो तसा. एम म्हणजे बाहेरच्या टोकाला बसलेला, एकाच बाजूनं बांधलेला आणि तीन मिथाइल गट मिरवणारा सिलिकॉन. आत काच, बाहेर सिलिकोनचं कातडं, आकार काही नॅनोमीटरचा. कातडं ओळखीचं असल्यामुळे ही गाठ सिलिकोनमध्ये बेमालूम विरघळते. आत काच असल्यामुळे आजूबाजूच्या साखळ्यांची सैलसर हालचाल जखडते. थर ताठ होतो, गोंदाला टेकायला जागा मिळते.

हे रेझिन सुटं असताना पांढरी पूड असते. ती तशी टाकता येत नाही, म्हणून सिलिकोनच्याच द्रवात आधी विरघळवून पिंपातून येते. आमच्याकडे मिश्रण बनतं ते असं: व्हिनाइल गट लावलेलं मूळ सिलिकोन, त्याला जाळ्यात बांधणारं हायड्रोजनवालं सिलिकोन, बांधणी घडवून आणणारं प्लॅटिनम, ती बांधणी भट्टीच्या आधीच सुरू होऊ नये म्हणून एक आवर घालणारं रसायन, आणि ग्राहकाला हवी तेवढी रेझिनची मात्रा. रबरी रोलांवरून हे कागदावर चढतं, चौरस मीटरला साधारण एक ग्रॅम. म्हणजे थराची जाडी सुमारे एक मायक्रॉन. भट्टीत काही सेकंद, आणि थर पक्का.

रेझिनची मात्रा मिश्रणाच्या शंभर भागांत दहापासून चाळीस-पन्नासपर्यंत जाते. नव्या मुलांना वाटतं, दुप्पट घातलं की पकड दुप्पट. तसं होत नाही. सुरुवातीला घालत राहा, फरक जेमतेम. मग एका टप्प्यानंतर आकडा एकदम वर चढतो. त्या चढणीवर काम करणं म्हणजे डोकेदुखी, कारण तिथे वजनकाट्यावरची थोडी चूकसुद्धा मालात दिसते. शिवाय रेझिनलाही व्हिनाइल गट असतात, ते हायड्रोजनवाल्या सिलिकोनला खातात. म्हणून रेझिन वाढवलं की तेही वाढवावं लागतं. ते जास्त झालं तर दुसरीच पंचाईत: उरलेला हायड्रोजन पुढे अ‍ॅक्रिलिक गोंदाशी हळूहळू जुळतो, आणि आज सहज निघणारं लेबल दोन महिन्यांनी कागदाला कुलूप लावल्यासारखं बसतं. मावशीच्या पहिल्या तक्रारीमागे हेच असावं, असा माझा कयास आहे. मे महिन्यात गोंदियाचं तापमान पंचेचाळीसला टेकतं, पत्र्याच्या गोदामात त्याहून वर जातं, आणि उष्णतेत या सगळ्या क्रिया वेगानं होतात. टिकल्यांची पाकिटं उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, एवढा सल्ला मी तिला दिला. तिनं त्या भिंतीवर आता प्लास्टिकचे कंगवे टांगलेत.

पकड मोजायची कशी? युरोपातल्या लेबलवाल्यांची फिनॅट नावाची संघटना आहे, 1958 मधली. तिच्या चाचण्या जगभर वापरतात. नमुन्याची पट्टी दर चौरस सेंटिमीटरला 70 ग्रॅम वजनाखाली वीस तास ठेवायची, मग यंत्रात अडकवून उलटी, 180 अंशांत, सोलायची आणि लागलेलं बळ पाहायचं. वेग मिनिटाला 300 मिलिमीटर. ही संथ चाचणी. जलद चाचणीत तोच वेग मिनिटाला 300 मीटरपर्यंत नेतात, म्हणजे हजारपट.

हजारपट कशासाठी, ते लेबल छापणाऱ्याकडे गेल्याशिवाय कळत नाही. त्याच्या यंत्रात वरचा कागद लेबलाच्या आकारात कापला जातो आणि लेबलांच्या भोवतीची जाळी एका रोलवर ओढून काढली जाते. जाळी निघताना लेबलानं जागा सोडता कामा नये. पकड कमी असेल तर लेबलाचा कोपरा जाळीबरोबर उचलला जातो. तोच रोल पुढे औषधाच्या कारखान्यात जातो. तिथे मागचा कागद एका धारदार पट्टीवरून झटक्यात मागे वळतो, लेबल सरळ पुढे निघून बाटलीवर बसतं. इथे पकड जास्त असेल तर लेबलही कागदाबरोबर मागे वळतं, आणि बाटल्या नागड्या पुढे जातात. एकाच कागदाकडे दोन उलट मागण्या. रेझिनचं कौतुक इथे आहे. साधं सिलिकोन संथ ओढलं तर फारच सैल असतं आणि वेग वाढेल तशी त्याची पकड वाढत जाते. रेझिन संथ वेगाची पकड बरीच उचलतं, पण जलद वेगात त्याचा जोर तितका जाणवत नाही. आलेखावरची चढण सपाट होते. लेबल बसून राहायचं तेव्हा बसतं, आणि निघायचं तेव्हा यंत्र अडवत नाही.

हातानं सोलायच्या वस्तूंचं गणित त्याहून सोपं आणि त्याहून अवघडही. सोपं, कारण वेग माफक. अवघड, कारण हात प्रत्येकाचा निराळा. सॅनिटरी पॅडच्या मागची पट्टी घ्या. महाराष्ट्र सरकारनं 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना सुरू करून बचत गटांमार्फत गावोगावी स्वस्त पॅड पोचवले, तेव्हा कामठ्यासारख्या गावात कित्येकींनी ती पट्टी पहिल्यांदा ओढली असेल. ती एका ओढीत, न फाटता, आवाज न करता निघायला हवी. आवाजाचं मी मुद्दाम लिहिते आहे. पकड वाढली की सोलताना चर्रर्र होतं, आणि शाळेच्या स्वच्छतागृहात तो आवाज मुलींना नको असतो. इथे जवळपास रेझिनच नको. याउलट दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. तिच्या कागदाची एक बाजू सैल आणि दुसरी त्याच्या दुप्पट-तिप्पट घट्ट ठेवावी लागते, नाहीतर रोल उलगडताना टेप कधी या बाजूला राहते, कधी त्या, आणि सुतार आम्हाला शिव्या घालतो. सैल बाजूला साधं सिलिकोन, घट्ट बाजूला रेझिनवालं. बिरसीहून विमानानं निघालात तर सामानाला बांधतात तो लांब पट्टाही याच जातीचा: काउंटरवरच्या माणसाला तो एका हातानं सोलता आला पाहिजे, आणि प्रिंटरमधून येताना आपोआप सुटता कामा नये.

पकडीपेक्षाही मला जास्त धाक असतो तो कच्च्या सिलिकोनचा. भट्टीत पुरतं न बांधलेलं सिलिकोन गोंदावर उतरतं. मग लेबल छान निघतं, पण कुठेही चिकटत नाही. ग्राहक गोंदवाल्याला दोष देतो, गोंदवाला आम्हाला. प्लॅटिनमला गंधक, अमाइन, कथिल यांचं वावडं असतं. त्यांच्या थोड्याशा अंशानंही ते निकामी होतं. म्हणून कोटिंगजवळ साधे रबराचे हातमोजे चालत नाहीत, त्यांत गंधक असतं. इतक्या महागड्या यंत्रांच्या शेजारी आमची पहिली चाचणी मात्र बोटाची. थरावर बोट जोरात घासायचं. डाग उमटला किंवा भुकटी सुटली तर माल थांबवायचा. दुसरी चाचणी निळ्या रंगाची. मिथिलीन ब्लूचं पाणी कागदावर ठेवून पुसून घ्यायचं. सिलिकोन सलग असेल तर कागद पांढरा राहतो, भोक असेल तिथे निळा ठिपका. ज्या दिवशी कागद निळ्या चांदण्यांनी भरतो, त्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी विनोद करत नाही. अशा भोकांत गोंद सरळ कागदाला जाऊन भिडतो, आणि तिथे कुठलंही रेझिन कमी-जास्त करून उपयोग नसतो.

टिकलीबद्दल दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात, कारण गावी बायका विचारतात. रात्री टिकली काढून आरशाला लावायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. काच गोंदाला घट्ट धरते, त्यावरची धूळ न् तेल गोंदात जातं, आणि सकाळी टिकली अर्ध्या दमाची असते. ती परत तिच्या कार्डावरच लावावी. कार्ड त्यासाठीच बनलंय. दुसरी गोष्ट गंभीर आहे. टिकलीच्या जागी कपाळावर पांढरा डाग पडतो, त्याचा दोष काही जणी कार्डावरच्या ‘केमिकल’ला देतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1980 च्या दशकापासून यावर लिहिलं आहे. संशय आहे तो काही गोंदांमधल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉलवर. ते त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं. डाग दिसू लागला की टिकली बंद करून डॉक्टरकडे जावं. कार्ड बदलून काही होणार नाही.

आणि शेवटी तो फेकलेला कागद. कामठ्यात येणारा भंगारवाला वह्या, पुठ्ठे, बारदान, सगळं नेतो. हा कागद नेत नाही. त्याचं बरोबर आहे. सिलिकोनचा थर पाण्यात भिजत नाही, त्यामुळे नेहमीच्या कागद गिरणीत त्याचा लगदा नीट होत नाही. वेगळी यंत्रणा असलेल्या मोजक्या गिरण्याच तो घेतात. एक हिशेब मी मध्यंतरी मांडला. अडीच एकर धानाच्या बांध्यांवर हा कागद अंथरला, तर त्यावर दहा किलो सिलिकोन असेल, आणि दहा लाखांत शंभर भाग या मापानं त्यात एक ग्रॅम प्लॅटिनम. लेबल निघालं की ते प्लॅटिनमही कागदाबरोबर उकिरड्यावर. ते परत काढायचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त.

म्हणून मागचा कागदच नको, असं म्हणणारी लेबलं आली आहेत. वजनकाट्यातून निघणाऱ्या किमतीच्या चिठ्ठ्यांत ती दिसतात. त्यांत सिलिकोन लेबलाच्याच छापील बाजूवर असतं आणि लेबल टेपसारखं स्वतःभोवती गुंडाळतात. मग मागण्या आणखी वाढतात. त्या थरातून छपाईची उष्णता आरपार गेली पाहिजे, रोल पोकळ पडून उलगडता कामा नये, आणि चिकटवलेल्या एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठीही बसली पाहिजे. तिथे रेझिन भरपूर लागतं. किती, यावर सध्या आमच्या प्रयोगशाळेत रोज वाद चालतो.